खाऱ्या बोअरच्या पाण्यात आर्सेनिक: नो-गॅसला १४, हीलियमला ३.४. रिपोर्टवर कुठला आकडा टाकायचा?

खारपाण (प्रश्न)

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मात आयन करून वस्तुमानानुसार मोजणारं मशीन) लावलंय. मशीन सिंगल क्वाड (वस्तुमान निवडणारा एकच क्वाड्रुपोल), कोलिजन सेलवालं (आयन वायूवर आपटवणारा कप्पा), हीलियमची लाइन जोडलेली. नमुना ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेला, नायट्रिक २ टक्के. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) साधारण ४०००, क्लोराइड १९००, सोडियम १२०० मिग्रॅ/लिटर. इंटर्नल स्टँडर्ड (सिग्नलची घट-वाढ भरून काढायला सगळ्यांत सारखंच टाकलेलं मूलद्रव्य) जर्मेनियम ७२, टी-जोडातून ऑनलाइन.

एकाच नमुन्याचे आकडे (सगळे पीपीबीत, म्हणजे मायक्रोग्रॅम/लिटर; ७५, ७७ वगैरे म्हणजे ज्या वस्तुमानावर मोजलं ते):

आर्सेनिक ७५, नो-गॅस (सेलमध्ये वायू न सोडता): १४.२
तेच, सॉफ्टवेअरमधलं करेक्शन समीकरण लावून: ९.८
आर्सेनिक ७५, हीलियम (कंपनीने दिलेलं सेटिंग, मिनिटाला ३.८ मिली): ३.४
सेलेनियम, हीलियम: ७७ वर ३.८, ७८ वर ०.९, ८२ वर ६.५
क्रोमियम, नो-गॅस: ५२ वर ६, ५३ वर ३१

आयएस १०५०० प्रमाणे आर्सेनिकची मर्यादा ०.०१ मिग्रॅ/लिटर, म्हणजे १० पीपीबी. एका आकड्याने पाणी नापास, दुसऱ्याने काठावर, तिसऱ्याने आरामात पास. नो-गॅसचा आकडा सोडवत नाही, कारण त्याची क्यूसी (गुणवत्ता तपासणी) चांगली आलीय: ५ पीपीबी स्पाइकची (मुद्दाम टाकलेल्या आर्सेनिकची) रिकव्हरी ८९ टक्के (आमची हद्द ८५ ते ११५), पाचपट डायल्यूट करून परत गुणल्यावर १४.९. हीलियममध्ये रिकव्हरी उलट कमी, ८६. मग हीलियमच आर्सेनिक खातंय असं समजायचं का?

---

एकटा_७५

हीलियम काही खात नाहीये. १४.२ मधला बहुतेक भाग आर्सेनिक नाहीच. प्लाझ्मातला आर्गॉन-४० आणि तुमच्या पाण्यातला क्लोरीन-३५ मिळून ७५ वस्तुमानाचा आयन होतो. क्वाड्रुपोलला दोघांतला फरक कळत नाही. आर्सेनिकला दुसरा स्थिर आयसोटोप नाही, त्यामुळे बाजूच्या वस्तुमानावर पळ काढायची सोयही नाही.

पण तुमच्या प्रश्नात घोडं पेंड खातंय ते क्यूसीपाशी. स्पाइक रिकव्हरी आणि डायल्यूशन या दोन्ही चाचण्या ही चूक पकडूच शकत नाहीत.

स्पाइक बघा. स्पाइक न केलेल्या नमुन्यात क्लोराइडचे समजा ११ पीपीबी खोटे आहेत. स्पाइक केलेल्या नमुन्यातही तेच ११ आहेत. रिकव्हरी काढताना एकातून दुसरा वजा करता, ११ दोन्हीकडून उडतात. स्पाइकने फक्त एवढंच कळतं की टाकलेल्या आर्सेनिकचा सिग्नल मॅट्रिक्सने (नमुन्यातल्या बाकीच्या क्षारांनी) किती दाबला किंवा फुगवला. आधीपासून कोण येऊन बसलंय ते कळत नाही. स्टँडर्ड अॅडिशनचंही (नमुन्यातच वाढते स्पाइक टाकून रेषा काढण्याचंही) तेच: रेषेचा उतार सुधारतो, पण सगळी रेषाच वर उचलली गेली असेल तर तशीच उचललेली राहते.

डायल्यूशन बघा. पाचपट पाणी घातलं की आर्सेनिक पाचपट कमी, क्लोराइडही पाचपट कमी. खोटा सिग्नलही जवळपास त्याच प्रमाणात उतरतो. परत पाचने गुणलं की तोच आकडा. डायल्यूशन टेस्ट मॅट्रिक्सची दाब पकडते, वस्तुमानावरची घुसखोरी पकडत नाही.

मग पकडायचं कशाने? तुमच्याच तक्त्यात साक्षीदार आहे: सेलेनियम ७७. आर्गॉन-४० आणि क्लोरीन-३७ मिळून ७७. क्लोरीन-३५ आणि ३७ चं प्रमाण ३.१३ ला १, म्हणजे ७७ वर खोटे काउंट (मोजलेले आयन) ७५ च्या एक-तृतीयांशच येतात. पण सेलेनियमचा ७७ हा आयसोटोप फक्त ७.६ टक्के, त्यामुळे तेवढेच काउंट पीपीबीत बदलले की मोठे दिसतात. ७५ वर अर्धा पीपीबी क्लोराइडचा उरला असेल तर ७७ वर तो सेलेनियमचे किमान दोन पीपीबी होऊन दिसतो. तुमच्याकडे हीलियममध्ये ७७ वर ३.८ आणि ७८ वर ०.९. म्हणजे ३.८ मिलीच्या फ्लोला क्लोराइड पूर्ण गेलेलं नाही. ३.४ हाही अजून शेवटचा आकडा नव्हे.

क्रोमियम ५३ वरचे ३१ म्हणजे क्लोरीन-३७ अधिक ऑक्सिजन. ५२ वर क्लोरीन-३५, ऑक्सिजन, हायड्रोजनची तिकडी आणि आर्गॉन-कार्बन बसतात. तेव्हा नो-गॅसचे ६ सुद्धा धरू नका.

---

दोन_टक्के_नायट्रिक

समीकरणाच्या ९.८ बद्दल कोणी बोललं नाही म्हणून. अमेरिकेच्या ईपीएच्या (पर्यावरण संस्थेच्या) २००.८ पद्धतीतलं ते समीकरण असं आहे:

आर्सेनिक = (७५ चे काउंट) − ३.१२७ × [(७७ चे काउंट) − ०.८१५ × (८२ चे काउंट)]

कल्पना साधी: ७७ वरून क्लोराइड मोजा, त्यातला खरा सेलेनियम ८२ वरून काढून टाका, उरलेल्याला ३.१२७ ने गुणून ७५ मधून वजा करा. सगळा डोलारा ८२ वर फक्त सेलेनियम आहे या गृहीतावर उभा.

खाऱ्या पाण्यात क्लोराइडबरोबर ब्रोमाइड असतंच. ब्रोमीन-८१ ला एक हायड्रोजन चिकटला की ८२. समीकरण त्याला सेलेनियम समजतं, ७७ मधून जास्त काढून टाकतं, आणि ७५ मधून करायची वजाबाकी तेवढी कमी पडते. हिशोब करा: ३.१२७ गुणिले ०.८१५ म्हणजे २.५५. ८२ वर ५०० खोटे काउंट आले तर आर्सेनिकवर जवळपास १२७५ खोटे काउंट चढतात. तुमचा ८२ हीलियममध्येही ६.५ दाखवतोय आणि ७८ फक्त ०.९, म्हणजे ब्रोमाइड आहेच. ब्रोमाइडचा हा हायड्राइड हीलियमने नीट जात नाही. सेलेनियमसाठी ७८ घ्या, ८२ विसरा.

वर आर्गॉनच्या सिलिंडरमध्ये क्रिप्टॉनचा अंश असतो, तोही ८२ वर बसतो. ब्लँकमध्ये ८३ बघितलंत तर कळेल.

आणि एक तपासाच: हीलियमच्या पद्धतीत हे समीकरण चुकून चालू राहिलंय का. नो-गॅसची पद्धत कॉपी करून हीलियमची बनवली की ते हमखास सोबत येतं. तिथे ते फक्त गोंगाट वाढवतं.

---

खारपाण

समीकरण हीलियममध्ये बंद आहे, आत्ताच बघितलं. पण ३.८ चं सेटिंग इंजिनिअर इन्स्टॉलेशनच्या वेळी देऊन गेलेत. फ्लो किती वाढवायचा? वाढवला की सेन्सिटिव्हिटी पडते.

---

कोन_धुवून_टाका

इन्स्टॉलेशनचं सेटिंग साध्या पाण्यासाठी असतं, तुमच्या क्लोराइडसाठी नव्हे. फ्लो स्वतःच काढावा लागतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

चार द्रावणं करा:

१. ब्लँक: २ टक्के नायट्रिक.
२. क्लोराइड १००० मिग्रॅ/लिटर: ३७ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक २.३५ मिली, २ टक्के नायट्रिकमध्ये १ लिटर. आम्ल ट्रेस-मेटल दर्जाचं. मिठाच्या खड्यापासून करू नका, सोडियमची दाब मध्ये येते आणि मिठातल्या अशुद्धीचा वेगळा वाद.
३. आर्सेनिक आणि सेलेनियम ५ पीपीबी, २ टक्के नायट्रिकमध्ये.
४. तुमचा नमुना.

हीलियम २ मिलीपासून ६ मिलीपर्यंत अर्ध्या-अर्ध्या मिलीने चढवा. प्रत्येक पायरीला अर्धा मिनिट थांबा, मग चारही द्रावणं घ्या. आता महत्त्वाचं: काउंट बघत बसू नका. काउंट सगळेच पडणार. प्रत्येक फ्लोला क्रमांक ३ वरून कॅलिब्रेशन करून बाकीच्यांची सांद्रता काढा.

आर्गॉन-क्लोराइड हा दोन अणूंचा, आकाराने मोठा आयन. सेलमधून जाताना तो हीलियमवर जास्त वेळा आपटतो, जास्त ऊर्जा गमावतो आणि बाहेरच्या व्होल्टेजच्या उंबऱ्याला अडतो. आर्सेनिक एकटा अणू, तुलनेत कमी आपटतो. म्हणून फ्लो वाढवला की खऱ्या आर्सेनिकचा सिग्नल स्टँडर्डच्याच प्रमाणात उतरतो आणि खोटा त्याहून वेगाने. सांद्रतेचा आलेख काढलात तर तो आधी घसरेल आणि मग सपाट होईल. जिथे पठार सुरू होतं तिथे क्लोराइड संपलं. पठारावर अर्ध्या मिलीची पायरी पुढे जा आणि तो फ्लो पक्का करा. त्यापुढे नुसतीच सेन्सिटिव्हिटी जाळाल.

पठारच येत नसेल, आकडा घसरतच राहत असेल, तर उंबरा कमी पडतोय. सेल आणि क्वाडमधला व्होल्टेजचा फरक ३ ते ५ व्होल्टच्या आसपास असावा, बहुतेक मशीनवर तो बदलता येतो. क्रमांक २ चं पठार शून्यावर न येता वर कुठेतरी आलं, तर हायड्रोक्लोरिकमध्येच आर्सेनिक आहे, बाटली बदला.

हीलियम ९९.९९९ टक्के हवा. सिलिंडर बदलल्यावर लाइनीत दमट हवा शिरते. निदान अर्धा तास फ्लो चालू ठेवा, मगच ट्यूनिंग. दमट लाइनीवर सेलमध्येच नवे आयन तयार होतात आणि दिवसभर ब्लँक डोक्याला ताप देतो.

---

खारपाण

केलं. समीकरण बंद, नमुना न डायल्यूट करता, आर्सेनिक पीपीबीत:

२ मिली: ८.१
३ मिली: ४.६
३.५ मिली: ३.७
४ मिली: ३.२
४.५ मिली: २.९
५ मिली: २.९
५.५ मिली: २.८

क्लोराइडचं द्रावण ४.५ च्या पुढे ०.०५ च्या आत. ५ मिलीला सेलेनियम ७७ वर १.१, ७८ वर ०.९. क्रोमियम ५३ वर २.६, ५२ वर २.४. साक्षीदार एकदम जुळले!

तर उत्तर २.९? स्पाइक मात्र ८६ वरच आहे. आणि बॅचच्या शेवटी जर्मेनियम ७१ टक्क्यांवर आला.

---

एकटा_७५

२.९ नाही. घुसखोर गेला, आता दाब उरली. ८६ टक्के रिकव्हरी इथे खरं बोलतेय: २.९ भागिले ०.८६ म्हणजे ३.३७.

मजा बघा, तुमचा पहिला ३.४ जवळपास बरोबर होता आणि तो निव्वळ योगायोग होता. क्लोराइडचा अर्धा पीपीबी वर, मॅट्रिक्सच्या दाबेने अर्धा पीपीबी खाली. पुढच्या बोअरला क्लोराइड ९०० असेल तर ही वजाबाकी जुळणार नाही.

४००० टीडीएस थेट पाठवू नका. आयसीपी-एमएसला ०.२ टक्के, म्हणजे २००० मिग्रॅ/लिटर हीच वरची हद्द धरतात. पाचपट डायल्यूट करा: १० मिली नमुना, २ टक्के नायट्रिकने ५० मिली. मर्यादा १० पीपीबी असेल तर ती द्रावणात २ पीपीबी होते. हीलियममध्ये परिमाण-मर्यादा (भरवशाने मोजता येणारा किमान आकडा) ०.१ असेल तर नमुन्यात ०.५. पुष्कळ झाली.

जर्मेनियम ७१ टक्के असताना सॉफ्टवेअर करेक्शन करतंय, तरी स्पाइक ८६ का? कारण जर्मेनियम आर्सेनिकची पूर्ण नक्कल करत नाही. जर्मेनियमची आयनीभवन ऊर्जा ७.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट, आर्सेनिकची ९.८. सोडियम ५.१ ला सहज आयनीभूत होऊन प्लाझ्मात इलेक्ट्रॉनची गर्दी करतो, आणि आधीच अर्धवट आयनीभूत होणारे आर्सेनिक, सेलेनियम, जस्त, कॅडमियम जास्त मार खातात. जर्मेनियमला तेवढा फटका बसत नाही. टेल्युरियम १२५ ची ऊर्जा ९.० आहे, ती जवळची. वस्तुमान मात्र लांबचं. दोन्ही टाका, स्पाइक कोणाबरोबर १०० च्या जवळ येतो ते बघा आणि तो निवडा.

जर्मेनियम ७२ नो-गॅसमध्ये वापरू नका. क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ एकत्र आले की ७२. इंटर्नल स्टँडर्ड नमुन्यातच वाढला की आर्सेनिक कमी निघतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

---

कोन_धुवून_टाका

प्लाझ्माही थोडा रगेल करा. आरएफ (प्लाझ्माची शक्ती) १५५० ते १६०० वॉट, नेब्युलायझरचा (नमुन्याचा फवारा करणाऱ्याचा) वायू थोडा कमी, टॉर्च (प्लाझ्माची नळी) कोनपासून (आयन आत घेणाऱ्या बारीक भोकाच्या शंकूपासून) दोन मिलीमीटर मागे. सेरियम ऑक्साइडचं प्रमाण (१५६ भागिले १४०) १ टक्क्याखाली आलं की समजा जमलं. सेन्सिटिव्हिटी जाईल, जाऊ द्या. आर्सेनिकला नुकसान नाही, उलट जास्त आयनीभूत होईल. स्प्रे चेंबर २ अंशावर.

बॅचच्या शेवटी पडणारा जर्मेनियम म्हणजे कोनवर मीठ बसतंय. स्कीमरचं (आतल्या कोनचं) भोक अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासचं, किंवा त्याहूनही बारीक. पांढरी कडा नुसत्या डोळ्यांनी दिसते. पण बॅचच्या आधी कोन लख्ख धुवून सुरुवात करू नका, नाहीतर पहिले वीस नमुने सिग्नल सरकत राहील. धुतलेल्या कोनवर आधी अर्धा तास पाचपट डायल्यूट केलेलंच खारं पाणी चालवा, मग कॅलिब्रेशन.

---

खारपाण

पाचपट डायल्यूशन, ५ मिली हीलियम, टेल्युरियम: ३.३, स्पाइक ९८ टक्के. तीनदा केलं, ३.२ ते ३.४. हेच टाकतो.

हीच पद्धत काळ्या मातीच्या अॅक्वा रेजिया (हायड्रोक्लोरिक-नायट्रिकचं मिश्रण) अर्काला चालेल का? त्यातही आर्सेनिक आणि सेलेनियम हवंय.

---

दोन_टक्के_नायट्रिक

आधी क्लोराइडचा हिशोब करा. ०.५ ग्रॅम माती, ९ मिली हायड्रोक्लोरिक, ३ मिली नायट्रिक, शेवटी ५० मिली. ९ मिली म्हणजे सुमारे १०८ मिलीमोल, जवळपास ३.८ ग्रॅम क्लोराइड. ५० मिलीत ते ७६,००० मिग्रॅ/लिटर होतं. उघड्या बीकरमध्ये थोडं उडतं, बंद मायक्रोवेव्हमध्ये फारसं नाही. वीसपट डायल्यूट केलं तरी ३८००, तुमच्या बोअरच्या दुप्पट. पठार पुन्हा काढा. त्यापेक्षा प्रमाण उलटं करा: ९ मिली नायट्रिक, ३ मिली हायड्रोक्लोरिक, ईपीएच्या ३०५१ए सारखं. क्लोराइड लगेच एक-तृतीयांश.

---

एकटा_७५

हायड्रोक्लोरिक पूर्ण काढून टाकू नका मात्र. त्याच अर्कात पारा किंवा अँटिमनी बघायचा असेल तर नुसत्या नायट्रिकमध्ये ते टिकत नाहीत. हीलियम नीट बसवलेलं असेल तर थोड्या क्लोराइडला घाबरण्यासारखं काही नाही.

मातीत खरी नवी भानगड वेगळी: दुहेरी भाराचे आयन. निओडिमियम-१५० किंवा समॅरियम-१५० चे दोन इलेक्ट्रॉन गेले की क्वाडला ते ७५ दिसतात. गॅडोलिनियम-१५६ तसाच ७८ वर. हे एकटे अणू आहेत, हीलियमचा उंबरा त्यांना अडवत नाही. आर्सेनिक उतरतो त्या मानाने ते वर राहिलेलेच दिसतात. तुम्ही फ्लो वाढवाल, पठार येईल, आणि पठारात हे बसलेले असतील. मातीत आर्सेनिक मिग्रॅ/किलोमध्ये असतो, त्याला फार फरक पडत नाही. सेलेनियम मात्र त्याच्या कितीतरी पट कमी असतो, त्याला बोचतं.

तपासायला निओडिमियम, समॅरियम आणि गॅडोलिनियम प्रत्येकी १०० पीपीबीची वेगवेगळी द्रावणं पाठवा आणि आर्सेनिक, सेलेनियम किती दाखवतं ते लिहून ठेवा. मातीच्या अर्कात १४६, १४७, १५७ वरून हे तिघे किती आहेत ते मोजा आणि तेवढं वजा करा. सेरियमचा दुहेरी भार (७० भागिले १४०) २ टक्क्यांच्या आसपास ठेवा. आणि गंमत अशी की ऑक्साइड कमी करायला प्लाझ्मा गरम केलात की दुहेरी भार वाढतो, तेव्हा वर सांगितलेला रगेल प्लाझ्मा मातीसाठी अर्धी पायरी सौम्य करा.

कुठे ट्रिपल क्वाड मिळालं तर पहिल्या क्वाडला ७५, सेलमध्ये ऑक्सिजन, दुसऱ्याला ९१. आर्सेनिक ऑक्सिजन पकडून ९१ वर जातो, क्लोराइडवाला आणि दुहेरी भारवाला जात नाहीत. सिंगल क्वाडवर हे करायला जाऊ नका, तिथे मातीतला झिर्कोनियम ९१ आधीच बसलेला असतो.

---

खारपाण

शेवटचं. मागच्या काही महिन्यांचे याच पट्ट्यातले नमुने नो-गॅसवरच गेलेत. कच्चा डेटा आहे. नुसत्या हिशोबाने दुरुस्त होतील?

---

दोन_टक्के_नायट्रिक

७७, ७८, ८२ आणि ८३ गोळा केलेले असतील तरच प्रयत्न करता येईल, आणि नो-गॅसमध्ये ७८ वर आर्गॉनचीच जोडी बसलेली असते, त्यामुळे ब्रोमाइडवाल्या पाण्यात तोही डळमळीतच. त्या डेटाचा एवढाच उपयोग करा: ज्यांचा नो-गॅसचा आकडा, स्पाइक रिकव्हरीने भागूनही, १० च्या खूप खाली आहे ते सोडा. क्लोराइडची चूक वरच ढकलते, त्यामुळे ते पासच राहतील. पण त्या नमुन्यांत जर्मेनियम ७२ फुगलेला नाही ना, एवढं बघून घ्या. बाकीचे परत चालवा. गाळून नायट्रिकने पीएच २ च्या खाली ठेवलेला नमुना सहा महिने चालतो. वादातले दोन-तीन हायड्राइड एएएसवर (आर्सेनिकचा वायू करून त्याच्या प्रकाशशोषणाने मोजणाऱ्या मशीनवर) पण टाका: १० टक्के हायड्रोक्लोरिक, पोटॅशियम आयोडाइड आणि अॅस्कॉर्बिक आम्ल, तासभर थांबून मग बोरोहायड्राइड. तिथे आर्सेनिक वायू होऊन क्लोराइड मागे सोडून निघून जातो, आणि वाद घालणाऱ्याला दुसऱ्याच मशीनचा आकडा दाखवता येतो.